कंपनी आणि आसपासची वस्ती: सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत एक टॉवेल कारखानदार आहेत, एक सरपंच आहेत, कंपनीत नोकरी करणारी मुलगी आहे, एक संस्था आहे आणि साखर कारखान्याचे एक सभासद आहेत. कारखाना जिथे उभा आहे तिथल्या माणसांसाठी त्याने काय करावे, हाच सगळ्यांचा विषय. माझे मत आधीच सांगून टाकते. देणगीचा नंबर नंतरचा. कंपनी पगार कसा देते, कामावर कुणाला घेते, पाणी किती उपसते, माल कुणाकडून घेते, यातून वस्ती जितकी बदलते तितकी ती कुठल्याही फीत कापण्याने बदलत नाही.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. कामगार 45, त्यांत शिलाई आणि पॅकिंगच्या बायका निम्म्याहून जास्त. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, कायदा आम्हाला लागू नाही. दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास वस्तीत चादरी वाटतो. याहून टिकाऊ काही करता येईल का?

चादरी वाटत राहा, जानेवारीच्या थंडीत त्या उपयोगी पडतातच. पण तुमच्या हातात त्याहून मोठी गोष्ट आहे.

10 कामगार झाले की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि 20 झाले की पीएफ लागू होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला विचारायचे आहे ते वेगळेच. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या तुमच्या सगळ्या माणसांची नावे ईएसआयमध्ये आहेत का? ठेकेदारामार्फत आलेल्यांची, पीसवर शिलाई करणाऱ्या बायकांची? एका बाईचे नाव तिथे चढले की तिच्या मुलाबाळांच्या दवाखान्याचीही सोय होते. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत फायनान्सचे आठवड्याचे हप्ते आजारपणामुळे सुरू झालेले असतात. तुम्ही भरलेल्या एका अर्जाने ते कर्ज टळू शकते. वस्तीच्या विकासाची सुरुवात मी इथून धरते.

दुसरी गोष्ट पाळणाघराची. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. तुमचे 45 आहेत, म्हणजे सक्ती नाही, आणि एकट्याने चालवणे परवडणारही नाही. पण शेजारच्या तीन-चार कारखानदारांना बरोबर घेतले तर एक चांगले पाळणाघर सहज उभे राहते.

याचे सोलापुरात इतके महत्त्व का, ते सांगते. आपल्याकडे हजारो बायका विड्या वळतात, त्याचे एक मोठे कारण म्हणजे ते काम घरी बसून, पोरांकडे बघत करता येते. सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, शेजारी रांगणारे मूल. मूल ठेवायला खात्रीची जागा मिळाली तर यातल्या कितीतरी जणी टॉवेलच्या शिलाईला येतील. कुंभारीला 2006 साली विडी कामगारांची 10,000 घरे झाली, आणि 2024 च्या जानेवारीत तिथल्याच रे नगर या कामगार वसाहतीतल्या पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या मिळाल्या. ही वस्ती तुमच्याच रस्त्यावर पुढे आहे. तुम्हाला कारागीर मिळत नाहीत आणि त्यांना बाहेर पडता येत नाही, या दोन्हींवर पाळणाघर हा एकच उपाय आहे. सांभाळणारी बाई तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, त्याच वस्तीतली घ्या. आया मग विश्वासाने मूल सोडतात.

प्रश्न: मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावची सरपंच आहे. जवळच्या मोठ्या कंपनीचे साहेब म्हणतात, वेशीला कमान आणि शाळेला आरओ (पाणी शुद्ध करायचे यंत्र) देतो. आम्ही हो म्हणावे, की काही दुसरे मागावे? आणि मागायचा आमचा हक्क आहे का?

सरपंचताई, कायदा असा आहे. 500 कोटींचे नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता), 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यातले एक जरी मागच्या वर्षी असेल, तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. जिथे कंपनी काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात लिहिले आहे. अमुक गावाला अमुक रक्कम, असा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. म्हणून मागणी नीट मांडावी लागते.

त्यासाठी ग्रामसभा घ्या आणि बायकांना आधी बोलू द्या. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जे काम पैशावाचून अडले आहे ते ठरावासह कंपनीपुढे ठेवा. वेशीची कमान त्यात येईल असे मला वाटत नाही.

आरओ घ्यायचा तर तीन गोष्टी लिहून घ्या: वीजबिल कुणाच्या नावावर, मेंब्रेन, म्हणजे आतली गाळणी, बदलायचा खर्च कोण करणार, आणि यंत्र बिघडले तर कुणाला फोन करायचा. जिल्ह्यात कुलूप लागलेले आरओ तुम्हीही पाहिले असतील. यंत्र फुकट येते, ते चालवायचा खर्च दर महिन्याला येतो. पाच वर्षांची देखभाल देणार नसतील तर तेवढ्याच पैशात जुन्या पाझर तलावाचा गाळ काढून मागा. निघालेला गाळ शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने नेतात आणि विहिरींना पाणी टिकते.

एका बाबतीत खमक्या राहा. धूळ, राख, सांडपाणी यांचा बंदोबस्त करणे हे कंपनीवर पर्यावरणाच्या कायद्यांनीच घातलेले बंधन आहे. कायद्याने करावेच लागणारे काम सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. "आम्ही शाळा रंगवून दिली, आता धुळीचे काय घेऊन बसलात," असे कुणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. कंपनीने कोणते प्रकल्प मंजूर केले ते तिच्या संकेतस्थळावर द्यावे लागते, ते कुणा शिकलेल्या पोराकडून काढून घ्या. फताटेवाडीच्या वीज प्रकल्पासारखी सरकारी कंपनी असेल तर माहितीचा अधिकारही आहे.

प्रश्न: मी एका कंपनीत सीएसआर बघते. फेब्रुवारी उजाडला की वरून घाई सुरू होते, 31 मार्चच्या आत पैसे संपवा, फोटो पाठवा. मग दप्तरे आणि शिलाई मशिन वाटून मोकळे. मी काय करू शकते?

तुझी तगमग रास्त आहे. वरिष्ठांना सांग की कायदाच इतकी घाई करायला लावत नाही. संचालक मंडळाने काम बहुवर्षीय म्हणून मंजूर केले असेल, तर उरलेले पैसे वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षे त्याच कामावर खर्चता येतात. मंजुरी मात्र वेळेत हवी, मार्चअखेर आठवून उपयोग नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये वस्तीत जा, त्यांचे ऐक आणि जूनमध्ये प्रस्ताव ठेव. फोटोत मुलीच्या हातात मशिन दिसते. तिला शिलाईचे काम मिळाले का, हे सहा महिन्यांनी जाऊन विचार आणि तेच अहवालात लिही.

प्रश्न: विडी कामगारांच्या मुलींसाठी आमची संस्था अभ्यासिका चालवते. कंपन्यांकडे जायला काय लागते?

संस्थेची नोंदणी, आयकर खात्याची 12ए आणि 80जी ही प्रमाणपत्रे, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून मिळणारा क्रमांक. 2021 च्या एप्रिलपासून त्याशिवाय कंपनी तुम्हाला सीएसआरचे पैसे देऊ शकत नाही. इमारतीआधी वीज, पुस्तके आणि रात्री मुलींना घरी सोडणारी रिक्षा मागा.

प्रश्न: पंढरपूर तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्याचा मी सभासद. आमच्या कारखान्याला हा 2 टक्क्यांचा नियम लागू आहे का?

नाही. सहकारी कारखाना 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेला असतो, कलम 135 कंपन्यांना आहे. आपल्या जिल्ह्यातले खासगी कारखाने कंपन्या आहेत, ते निकषात बसत असतील तर त्यांना ते लागू पडते. पण परिसराची काळजी हे सहकाराच्या सात तत्त्वांपैकी एक आहे, 1995 पासून जगभरच्या सहकारी चळवळीने मान्य केलेले. तुम्ही तर मालकच आहात.

आणि परिसर म्हटले की आपण कार्यक्षेत्रातली गावे मोजतो, हंगामात तिथे येऊन राहणारी माणसे विसरतो. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या चार-पाच महिने आपल्याच रानात कोप्या (झोपड्या) करून राहतात. पहाटे अंधारात कोयता घेऊन बायका फडात जातात, गरोदर असल्या तरी जातात. शौचालय नाही, पाणी लांबून आणायचे, आणि मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळत कोपीपाशी बसलेली. आपली साखर त्यांच्या हातून येते. त्यांची सोय पाहणे मी दानात धरत नाही, तो उत्पादनाचा खर्च आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहा आणि मागा: टोळ्यांच्या तळावर पाण्याची टाकी, दिवे, बायकांसाठी बंद शौचालय आणि न्हाणी, महिन्यातून एकदा फिरता दवाखाना, उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीला रिफ्लेक्टर. 6 ते 14 वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिलेला आहे, तो पंढरपुरात आल्यावर संपत नाही. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना हंगामाआधी भेटा, कारखान्याची एक गाडी सकाळी तळावरून मुले नेईल आणि संध्याकाळी आणेल एवढे ठरवा. धाकट्यांसाठी अंगणवाडीताईंशी बोला, नाहीतर मोठी बहीण शाळेत येणार नाही.

टोळ्यांशी करार पावसाळ्यातच होतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, तेव्हाच दिली जाते. म्हणून विषय सभेच्या पत्रिकेवर घालायचा अर्ज बॉयलर पेटायची वाट न बघता आत्ताच, लेखी द्या. चार-पाच सभासदांच्या सह्या घ्या आणि पोच मागून ठेवा.