पुराची मदत : पैसा येतो कुठून आणि दर ठरतात कधी?

(महसूल खात्यात मंडळ अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.)

प्रश्न : माझं माहेर प्रयाग चिखली. 2019 ला आणि 2021 ला आमचं घर पाण्यात गेलं. दोन्ही वेळा मदत मिळाली, पण आकडे वेगळे. भाऊ म्हणतो, 'मिळतंय तेवढं घ्यायचं, सरकार काय देणं लागतंय का?' हा पैसा येतो कुठून? आणि सरकार खरंच देणं लागतं का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, देणं लागतं. भावाला ठामपणे सांगा.

2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्या कायद्याने प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी ठेवावाच लागतो. त्यात रुपयातले 75 पैसे केंद्राचे, 25 पैसे राज्याचे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा 90 टक्के. कुठल्या राज्याला किती, हे वित्त आयोग आधीच ठरवून ठेवतो. म्हणजे पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडो न ओलांडो, पैशाची तरतूद असतेच. राज्याचा निधी पुरला नाही तर केंद्राचं पथक पाहणीला येतं, त्याच्या अहवालावर दिल्लीत समिती बसते आणि राष्ट्रीय निधीतून जादा रक्कम मंजूर होते. त्या राष्ट्रीय निधीसाठी तंबाखू-सिगारेटवर वेगळं शुल्कच लावलेलं आहे. हा सगळा तुमचा-आमचा कर आहे. कुणी खिशातून देत नाही.

आता आकडे वेगळे का. या निधींतून किती द्यायचं याचे निकष केंद्राने ठरवलेले असतात. 2022-23 ते 2025-26 या काळाच्या निकषांत माणूस दगावला तर 4 लाख, दुभती म्हैस गेली तर 37,500, सपाट भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार, बागायत पिकाला हेक्टरी 17,000 आणि तेही 2 हेक्टरांपर्यंतच. त्यावर राज्याला आपल्या तिजोरीतून भर घालता येते. ती भर दर पुराला नव्याने ठरते. 2019 ला घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना ग्रामीण भागात 10 हजार आणि शहरात 15 हजार मिळाले. शिवाय एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ झालं आणि ज्यांचं कर्ज नव्हतं त्यांना नेहमीच्या तिप्पट मदत मिळाली. 2021 ला 11,500 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातले थेट मदतीचे 1,500 कोटी होते, बाकीचे दुरुस्ती-पुनर्बांधणीचे आणि पुढचा पूर रोखायच्या कामांचे. मथळ्यात आला 11,500 चा आकडा, आणि माणसं तलाठी कार्यालयात येऊन विचारत राहिली, आमच्या वाट्याचे कुठं आहेत.

माझी खरी तक्रार इथंच आहे. रक्कम कमी-जास्त असेल, पण ती पाणी यायच्या आधी माहीत हवी. 2019 च्या ऑगस्टमध्ये, लोक अजून शाळांत आणि मंगल कार्यालयांत बसलेले असताना, घर दोन दिवस पाण्याखाली असेल तरच मोफत गहू-तांदूळ, अशी अट असलेला शासन निर्णय फिरला. लोक खवळले, आणि खवळायलाच हवे होते. छपरावरून होडीत उतरलेल्या बाईने घरात पाणी किती दिवस होतं याचा हिशेब कुणाला द्यायचा? ऐन पुरात ठरवलेल्या दराला आणि अटीला अशीच घाई चिकटते, त्यात मग मंत्री कोण आणि निवडणूक कधी हेही येतं. राज्याच्या मदतीचे दर पाच वर्षांसाठी आधीच ठरवा, महागाईप्रमाणे वाढवा, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

करवीरच्या एका घरातला पंचनामा सांगतो. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. आतल्या खोलीत जोंधळ्याची पोती फुगून शिवणीतून फाटलेली, दाण्याला मोड आलेले, वास असा की उभं राहवेना. घरची म्हातारी प्रत्येक पोत्यावर हात ठेवून सांगत होती, हे पोरीच्या बाळंतपणाचं, हे वर्षाचं खायचं. माझ्या हातातल्या अर्जात पडझडीला रकाना होता, पोत्यांना नव्हता. घर उभं होतं म्हणून पडझडीचं काही बसलं नाही. मिळाली ती सरसकट रक्कम.

उसाचंच बघा. हेक्टरी 17,000 म्हणजे एकरी 6,800, गुंठ्याला 170. एकरी 40 टन ऊस धरला आणि टनाला 3,000 रुपये, तर 1 लाख 20 हजारांचा माल जातो. सरकारी मदतीने नुकसान भरून निघत नाही, माणूस फक्त पुन्हा उभा राहतो, हे मला मान्य आहे. पण 6,800 रुपयांत उभा राहायला हवा तेवढाही राहत नाही. पीकविम्याच्या यादीत आपल्याकडे ऊस नाही, म्हणजे तोही आधार नाही.

आणखी एक. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्तीसाठीच्या एकूण पैशातला पाचवा हिस्सा पूर यायच्या आधीच्या कामांसाठी बाजूला काढला, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या मातीत हे नवीन नाही. 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, कामं काढली. पण तेवढ्यावर न थांबता पुढे राधानगरीच्या धरणाला हात घातला. त्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आज आपण नदीकडे धावतो, आणि नदीच्या पात्रातल्या भरावांकडे, निळ्या पूररेषेच्या आतल्या बांधकामांकडे मात्र कुणी बघत नाही. वाटपाचा फोटो निघतो, भराव काढल्याचा निघत नाही. पण सरकारने पैसा घालायची पहिली जागा तीच आहे.

प्रश्न : मी दुसऱ्याचं रान खंडाने करतो. सोयाबीन माझं बुडालं, अनुदान मालकाच्या खात्यावर गेलं. काय करू?
– एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाने जातं, म्हणून हे झालं. ज्याने पेरलं त्याच्या हातात पैसा जात नाही, हा निकषांमधला अन्याय आहे आणि तो सरकारनेच दूर करायला हवा. यंदाचे पैसे मालकाशी बोलूनच सुटतील. भल्या मालकांनी ते दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. पुढच्या हंगामाआधी खंडाचा साधा करार लेखी करा आणि अनुदान कुणाचं हे त्यातच लिहा. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा बांधावर हजर राहा. जनावरं असतील तर दूध संस्थेचं कार्ड जपून ठेवा. म्हैस वाहून गेली तर ती होती हे दाखवायला ते उपयोगी पडतं. आणि अनुदान खात्यावर आल्यावर बँकेने ते कर्जात वळतं केलं तर गप्प बसू नका. तसं करू नये असे शासनाचे आदेश असतात. तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : आमच्या मंडळाने पूरग्रस्तांसाठी वर्गणी काढली आहे. मुख्यमंत्री साहाय्यता निधीला द्यावी की थेट गावात?
– एका तालीम मंडळाचे कार्यकर्ते, शिवाजी पेठ

उत्तर : मुख्यमंत्री साहाय्यता निधी देणग्यांवर चालतो आणि वर सांगितलेल्या कायद्यातल्या निधीपेक्षा वेगळा आहे. तिथं दिलेल्या रकमेवर जुन्या करप्रणालीत आयकरात सवलत मिळते. पण रक्कम लहान असेल आणि गाव ओळखीचं असेल, तर थेट द्या. जुने कपडे मात्र नेऊ नका. 2019 ला त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले मी पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात कोरडं अंथरूण-पांघरूण, पिण्याचं पाणी, बायकांसाठी सॅनिटरी पॅड आणि जनावरांना वैरण लागते. वैरणीची आठवण सगळ्यात उशिरा होते, तेव्हा मंडळाने तीच घेतली तर बरं. गाडी भरण्याआधी सरपंचांना फोन करून जनावरं किती आणि कुठं बांधली आहेत ते विचारा.