विंडोज ७ चा आधार कधी थांबवावा?

प्रश्न : लासलगाव, पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यांना आम्ही नाशिकहून बिलिंगचे सॉफ्टवेअर पुरवतो. काही गाळ्यांवर अजून विंडोज ७ आहे. त्याचा आधार कधी बंद करावा?

उत्तर : मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा मोफत आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला. तुमची तारीख मात्र तुमची साधने, म्हणजे ज्यांत सॉफ्टवेअर लिहिता त्या भाषा आणि लायब्ररी, ठरवतात. पायथन ३.९ या भाषेला किमान विंडोज ८.१ लागते, गो १.२१ ही भाषा आणि क्यूटी ६ (खिडक्या-बटणे बनवण्याची लायब्ररी) यांना विंडोज १०. या साधनांच्या जुन्या मालिकेवर थांबलात, तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. ते धोक्याचे आहे. बिलांत लोकांचे व्यवहार असतात.

आधी मोजा. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोजची आवृत्ती नोंदवा, तीही पूर्ण हंगामभर, कारण काही संगणक खरेदीच्या दिवसांतच उघडतात. इथे एक चूक हमखास होते : मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅम कोणत्या विंडोजवर चालतो हे सांगणाऱ्या त्याच्या माहितीपत्रकात) विंडोज १० ची नोंद नसेल, तर आवृत्ती विचारणारे विंडोजचे जुने फंक्शन (GetVersionEx) विंडोज १० वरही ६.२, म्हणजे विंडोज ८, असे सांगते आणि आकडेवारी फसते.

मग जुनी शाखा, म्हणजे विंडोज ७ वर चालणारी तुमच्या प्रोग्रॅमची आवृत्ती, गोठवा. तिच्यात फक्त कराचे दर, बिलाचा नमुना आणि गंभीर दोष एवढेच बदल, एक वर्ष. अपडेट पाठवण्यापूर्वी सर्व्हरने विंडोजची आवृत्ती तपासलीच पाहिजे. नाहीतर नवी फाइल जुन्या संगणकावर उतरते, हवे ते फंक्शन जुन्या विंडोजच्या kernel32.dll सारख्या फाइलमध्ये सापडत नाही आणि ऐन लिलावात बिल निघत नाही. इन्स्टॉलरनेही तिथेच मराठीत कारण सांगून थांबावे. जुना बॅकअप नव्या आवृत्तीत उघडतो का, हे शेवटची तारीख कळवण्याआधी पाहा.