शून्य व्होल्टेजवर शिखर दिसलं, तर आधी हे तपास

गोव्यातल्या ताळगावच्या पावसाळ्यात स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपचा (पृष्ठभागाच्या अगदी जवळून टोकदार टीप फिरवून, व्होल्टेज बदलत विद्युतप्रवाह मोजणारं यंत्र) निर्वात चेंबर उघडायचा तर कोरडा नायट्रोजन भरूनच उघड. नाहीतर भिंतींना चिकटलेलं पाणी बेकिंगमध्ये (चेंबर तापवून आतलं पाणी काढताना) दिवसेंदिवस निघत राहतं. शिशाचा पृष्ठभाग आर्गॉन आयनांनी साफ करून बेताने तापव, शिसं ३२७ अंशांना वितळतं.

शिशावरच्या लोखंडी अणूंच्या साखळीच्या टोकाला, मोजमापाच्या आलेखात शून्य व्होल्टेजवर शिखर दिसलं की लगेच मायोराना (अशा साखळीच्या टोकांना शून्य ऊर्जेवर अपेक्षित असलेली खास अवस्था) म्हणू नकोस. ४.२ केल्विनला तापमानामुळे येणारा पसरटपणा सुमारे १.३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जवळपास शिशाच्या अतिवाहक गॅपएवढाच (ऊर्जेचा तो पट्टा, जिथे इलेक्ट्रॉनला एरवी जागा नसते)! शिबा अवस्था (चुंबकीय अणूंमुळे गॅपच्या आत तयार होणाऱ्या साध्या अवस्था) त्यात सहज मिसळून जातात. १ केल्विनच्या आसपास जा, टीपही शिशाने मढव. मग मात्र शिखर शून्यावर नाही, टीपच्या गॅपएवढ्या व्होल्टेजवर, दोन्ही बाजूंना शोधायचं. इथे फार जण चुकतात. साखळीचा मध्य आणि दोन्ही टोकं मोज. एकाच टोकाला दिसलं, तर बहुधा तिथे दोष आहे.