स्टिक गाडीतच राहू दे
आइस हॉकी शिकायचं म्हणून आधी स्टिकच घेऊन टाकलीस? हसू आलं, कारण टोरांटोत आल्यावर मीही आधी तेच केलं होतं, तेही ३४व्या वर्षी. पहिले दोन महिने ती गाडीतच राहू दे. आधी थांबायला शीक. गुडघे चांगले वाकव, बोटं आत आणि टाचा बाहेर ढकल. स्केटच्या पात्याच्या आतल्या कडेने बर्फ खरवडला की ‘खर्र’ आवाज येतो. तो आवाज दोन्ही पायांनी काढता आला पाहिजे. गुडघे ताठ ठेवलेस की आपटलासच.

स्केट्स नेहमीच्या बुटांपेक्षा एखादा नंबर लहानच लागतात. मी मात्र शाळेचे बूट घेतात तसे ‘असू देत जरा मोठे’ म्हणून घेतले आणि वर्षभर घोटे मुरगाळत बसलो. खेळून झालं की पाती कोरडी पूस, नाहीतर गंजतात.

नियमांपैकी ऑफसाइड तेवढा डोक्यात ठेव: पकने (चेंडूच्या जागी असतो तो) समोरच्या संघाच्या बाजूची निळी रेघ ओलांडायच्या आधी तुझे दोन्ही पाय पलीकडे गेले, की शिट्टी. पक दिसायला चकतीएवढा, पण १७० ग्रॅमचं टणक रबर आहे ते. नडगीचं पॅड विसरलास तर कळेलच. आइसिंग वगैरे बाकीचे नियम बाकावर बसल्या बसल्या समजेल.

आणि बाकावर वेळेत ये, बाबा! बर्फावर एका संघाचे पाच स्केटर आणि एक गोली (गोलरक्षक), बाकीचे मागे ताटकळत असतात. ४५ सेकंद जीव तोडून पळ आणि बदली घे. दोन-दोन मिनिटं रेंगाळणाऱ्याला आमच्यात पुढच्या रविवारी कोणी फोन करत नाही.