सगळं पब्लिक ठेवलं तरी प्रोग्रॅम चालतो, मग प्रायव्हेट कशाला?

तुम्ही विचारलंय की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत क्लासमधलं सगळं पब्लिक (कुठल्याही कोडला खुलं) ठेवलं तरी प्रोग्रॅम चालतो, मग प्रायव्हेट (त्या क्लासपुरतंच) कशाला? आणि प्रत्येक फील्डला, म्हणजे क्लासमध्ये साठवलेल्या प्रत्येक माहितीला, गेटर-सेटर (ती वाचून देणारी आणि बदलणारी मेथड) द्यायचेच का?

मी लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. सोयाबीनची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद, हा क्लास धरा. २० कट्टे, एकूण १,२२० किलो. कट्ट्यामागे एक किलो बारदान वजा जाऊन निव्वळ १२ क्विंटल. भाव क्विंटलला ४,५०० रुपये, रक्कम ५४,०००. आता निव्वळ वजन पब्लिक असेल, तर ओलाव्यापोटी १० किलो घट कापणारी ओळ कुणीही कुठल्याही फाईलमधून थेट त्या फील्डवर लिहील. वजन १,१९० किलो होईल, रक्कम मात्र ५४,०००च राहील. हवी होती ५३,५५०. कंपायलर काही बोलत नाही, प्रोग्रॅम बंद पडत नाही, अन् चुकीची पट्टी छापून लोकांच्या हातात जाते. मग चूक शोधायला सगळा कोड चाळत बसा.

वजन प्रायव्हेट केलं की ते बदलणारा कोड त्या एकाच क्लासमध्ये सापडतो. प्रायव्हेटचं खरं काम हेच. डेटा चोरांपासून लपवणं हे त्याचं काम नाही. जावात रिफ्लेक्शननं (चालू प्रोग्रॅममधून क्लासच्या आत डोकावायची सोय) प्रायव्हेट फील्डही वाचता येतं.

म्हणूनच सरसकट सेटर देऊ नका. वजनाला साधा सेटर दिला की वजन परत उघड्यावरच आलं. त्याऐवजी 'घट कापा' अशी मेथड लिहा, जी आकडा तपासेल आणि वजन व रक्कम दोन्ही एकदम बदलेल. माझं मत विचाराल तर रक्कम साठवूच नका, मागेल तेव्हा काढून द्या.

कुणाला काय दिसावं याच्या बाकी पातळ्यांचं थोडक्यात सांगतो. जावात काहीच लिहिलं नाही तर ते फील्ड त्या पॅकेजपुरतं (एकत्र ठेवलेल्या क्लासच्या गटापुरतं) खुलं असतं. प्रोटेक्टेड लिहिलेलं सबक्लासला (त्या क्लासवरून बनवलेल्या क्लासला) दिसतं, शिवाय अख्ख्या पॅकेजलाही दिसतं. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सी प्लस प्लसमध्ये क्लासचे सदस्य मुळात प्रायव्हेट असतात, स्ट्रक्टचे पब्लिक. आणि प्रायव्हेटची हद्द क्लासची असते, ऑब्जेक्टची नाही. एक पट्टी दुसऱ्या पट्टीचं प्रायव्हेट वजन वाचू शकते, त्यामुळे दोन पट्ट्या सारख्या आहेत का हे तपासणारी मेथड गेटरशिवाय लिहिता येते.