बॅटरी पूर्ण उतरली, पुढची डिकी उघडत नाही आणि बॅटरी डिकीतच: पोर्शे ९११ (९९७ पिढीची) कशी उघडावी?

चावीने दार उघडा. डाव्या बाजूला, पायांपाशी फ्यूजबॉक्स आहे. त्यातलं लाल टर्मिनल बाहेर ओढा. बाहेरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा प्लस त्याला लावा, मायनस दाराच्या उघड्या धातूला, रंगावर नाही. दार कुलूपबंद होतं तर अलार्म किंचाळेल, घाबरू नका. मग डिकीचं बटण दाबा.

इथूनच गाडी स्टार्ट करायचा मोह टाळा, ती वायर स्टार्टरचा करंट झेपणारी नाही. डिकी उघडल्यावर बॅटरी चार्ज करा, चार्जर काढून बॅटरीला थोडी विश्रांती दिल्यानंतर १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. पुन्हा उतरली तर दाराच्या कुलपातला मायक्रोस्विच (दार उघडं की बंद हे गाडीला सांगणारा छोटा स्विच) आधी तपासा. तो बिघडला की दार बंद असूनही गाडीला उघडंच वाटतं आणि ती झोपत नाही, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक्स बंद न होता बॅटरी खात राहतात.