गर्भनिरोधक गोळ्या पाळीच्या कोणत्या दिवसापासून सुरू कराव्यात?

ताई, तुम्ही विचारलंय की पाळी येऊन तीन दिवस झाले, आज गोळी सुरू केली तर चालेल का. चालेल. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केलेली माला-एनसारखी गोळी लगेच संरक्षण देते. त्यानंतर सुरू केली, तर पहिले सात दिवस निरोधही वापरा.

पाकिटात 28 गोळ्या असतात: 21 हार्मोनच्या, 7 लोहाच्या. रोज ठरावीक वेळी घ्या. आमच्या इंदूरच्या घरी रात्री देवापाशी दिवा लावला की मी घ्यायचे, म्हणून विसरायची नाही. एखादी राहिलीच, तर आठवताक्षणी घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. पहिले दोन-तीन महिने मळमळ, मधेच थोडं डाग पडणं होतं. घाबरून बंद करू नका.

मात्र रक्तदाब जास्त असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, बाळ सहा महिन्यांहून लहान असून अंगावर पीत असेल, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, तर ही गोळी नको. आधी रक्तदाब मोजून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात माला-एन फुकट मिळते. आशाताईंकडेही ही गोळी असते. मागायला लाजू नका.